डाव्या बाजूचा संबळ

हर्षवर्धन माझा नवरा आहे म्हणून सांगत नाही, पण इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आयर्लंडमधल्या डंडॉकला येऊन आम्हाला आता बरीच वर्षं झाली. तो इथे एका पेमेंट्सच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, मी आठवड्यातून दोनदा गाडी काढून डब्लिनला बॉल्सब्रिजच्या ऑफिसात जाते आणि बाकीचे दिवस जेवणाच्या टेबलावरून काम करते. एवढ्या वर्षांत याची भीती तसूभरही कमी झाली नाही. मॅनेजरने "क्विक चॅट?" असं लिहिलं की हा आधी बँकेतली शिल्लक बघतो. शेजारचा म्हातारा लॅब्रॅडॉर, ज्याला स्वतःची शेपूट हलवायचाही कंटाळा, त्याच्यासाठी हा रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आमची तन्वी सहा वर्षांची. तिला नुसतं शिंकताना ऐकलं तरी हा थर्मामीटर घेऊन मागे. मी म्हणते, "अरे, श्वास तरी घेऊ दे तिला." तर म्हणतो, "तेच बघतोय, नीट घेतेय का."

फक्त एका जागी हा माणूस वाघ होता, आणि ती जागा म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात छोटी खोली. वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून. तिथे पलंगसुद्धा मावत नाही. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, टेबलावर दोन स्पीकर, एक नवा सिंथेसायझर आणि एक जुना, जो आणायला हा पार किलकेनीपर्यंत गाडी चालवत गेला होता. तिथल्या प्रेसमध्ये माझ्या साड्या ठेवायचं ठरलं होतं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता आमच्याही तोंडात तेच बसलंय. तर त्या प्रेसमध्ये साड्यांऐवजी वायरींची भेंडोळी. ऑफिस संपलं की हा हेडफोन चढवायचा आणि आत शिरायचा. मी कितीदा बजावलं, "कान फुटतील एक दिवस, मग बस बोंबलत." तो हसायचा. त्या खोलीत त्याला कशाचीच भीती वाटायची नाही, माझीसुद्धा नाही.

गावातल्या एका पबच्या मागच्या खोलीत तो अधूनमधून वाजवायचा. सुरुवातीला नुसतंच कंप्युटरवरचं, ठोक ठोक ठोक. मग त्याने त्यात संबळ घातला. बार्शीकडचा माणूस, संबळ याच्या रक्तातच. इथल्या लोकांना कळेना हे काय, पण पाय मात्र हलायला लागले. इथे कुठल्याही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. दुकानात लोक मला विचारायचे, "युअर मॅन विथ द ड्रम्स, इज ही युअर्स?" मी म्हणायचे, दुर्दैवाने हो. खरं म्हणजे मला अभिमान वाटायचा, पण तसं तोंडावर सांगितलं तर हा चढून बसतो.

मग त्याने अल्बमच करायला घेतला. नाव ठेवलं 'आवतण'. त्यांच्याकडे आमंत्रणाला आवतण म्हणतात. माझ्या माहेरी, कोथरूडला, कुळाचाराचं बोडण असतं. गोंधळ मी पहिल्यांदा पाहिला तो यांच्या चुलतभावाच्या लग्नानंतर. अंगणात तांदळाचा चौक मांडतात, त्यावर कलश, शेजारी पेटती दिवटी, आणि गोंधळी एकेका देवाला गावाचं नाव घेऊन हाक मारतो: अमक्या गावच्या देवा, गोंधळाला ये. मग रात्रभर गाणं, कथा, आणि उजाडताना आरती करून बोलावलेल्या सगळ्यांना निरोप. मग चौक उचलायचा. हर्षने तिथे गोंधळीबुवांना विचारून सगळं रेकॉर्ड करायला घेतलं होतं. पण लग्नात धावपळ करून दमलेला, देवांना हाका मारून होईपर्यंत जागा राहिला आणि मग रेकॉर्डर बंद करून गोधडीत शिरला. उजाडतानाची आरती काही त्याने ऐकलीही नाही. म्हणजे इथे डंडॉकमध्ये त्याच्या हातात होत्या त्या फक्त हाका. त्या त्याने कापल्या, जोडल्या, फिरवल्या. सगळ्या अल्बमभर बुवा नुसते बोलावतायत. ये, ये, ये. ऐकताना अंगावर काटा यायचा हे मात्र खरं.

गेल्या वर्षी नवरात्राच्या थोडं आधी माझ्या सासूबाई आल्या. पहिल्यांदाच परदेशात. बाई तशी खमकी. शेती सांभाळलेली, नवऱ्यामागे एकटीने मुलगा शिकवलेला. इथल्या थंडीलाही त्यांनी चार शिव्या हासडल्या आणि स्वेटरवर स्वेटर चढवून कामाला लागल्या. हर्षने मोठ्या हौसेने त्यांना त्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि अल्बम ऐकवला. मी दारात उभी होते. सुरुवातीला बाई खूश. मान डोलावतायत, गुडघ्यावर ताल धरलाय. मग हळूहळू ताल थांबला. शेवटचं संपलं तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

"आरती कुठंय?" त्यांनी विचारलं.

"आरती नाहीये, आई. हा गोंधळ नाही, अल्बम आहे."

"बोलावणं हाय आन् पाठवणी न्हाई? हर्षा, अरं, समद्या देवांला आवतण देऊन दारात हुबं केलंयस तू. बस म्हनंना, जा म्हनंना. किती येळा बोलावलंस ह्ये तरी मोजलंस का?"

हर्ष हसला. पण मी त्याला ओळखते. ते हसू नव्हतं, तोंड नुसतं उघडलं होतं.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. घट बसले, बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीत परडीत धान पेरलं, अखंड दिवा लावला. दिव्याच्या वर स्मोक अलार्म असल्याने तो अलार्म दोनदा बोंबलला, ते वेगळं. हर्ष गप्प गप्प. टोपी डोक्यावरून काढेना, घरातसुद्धा. मी काही बोलले तर "हं?" म्हणायचा. मला वाटलं, आई आली की पुरुष असेच होतात, बायकोचं ऐकू येईनासं होतं. एकदा तन्वी त्याच्या मांडीवरून उतरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मम्मी, डॅडीज इयर स्मेल्स लाइक गार्लिक ब्रेड." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी हसले, हे आठवलं की आता मला कसंसंच होतं.

नवरात्रभर तो रोज रात्री अल्बमवर शेवटचा हात फिरवत होता. अल्बम पुरा झाला की तो मला गाडीत ऐकायला देतो. ही त्याची ठरलेली पद्धत. म्हणतो, महागड्या स्पीकरवर काय, काहीही चांगलंच वाजतं. लोक गाडीत ऐकतात, तिथे काय होतं ते मला सांग. तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी बॉल्सब्रिजला निघाले आणि मोटरवेला लागल्यावर 'आवतण' लावलं. पाऊस नव्हता, ऊन छान पडलं होतं. आणि संबळ वाजायला लागला तो डावीकडून. नुसता डावीकडून. शेजारच्या रिकाम्या सीटच्या दारातून कोणी धडाधडा थापा मारतंय असं वाटावं इतका मोठा. बुवांची हाकही तिकडूनच. उजवीकडे सगळं बारीक, सपक. मला वाटलं, गाडीचा स्पीकर गेला. रेडिओ लावला. बातम्या अगदी मधोमध, इथले लोक झकासला म्हणतात तसं, ग्रँड. परत हर्षचं गाणं लावलं. परत डावीकडून थापा.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण मी याच्याबरोबर इतकी वर्षं काढलीत. हा माणूस एक टाळी दोन्ही बाजूंना सारखी ऐकू यावी म्हणून शनिवारचा शनिवार घालवतो. त्याने हे असं पाठवलं, याचा अर्थ त्याला हे असं ऐकूच येत नाहीये. डावीकडे त्याला कमी ऐकू येतंय, म्हणून तो डावीकडचं वाढवत गेलाय. वाढवत गेलाय, वाढवत गेलाय, तरी पुरेना. मग मला टोपी आठवली. "हं?" आठवलं. लसणाचा वास आठवला. पुढच्या पेट्रोल पंपावर मी गाडी वळवली, ऑफिसला काय कळवलं ते आठवत नाही, आणि घरी परत आले.

तो त्या दिवशी घरूनच काम करत होता, जेवणाच्या टेबलाशी पाठमोरा बसलेला. मी त्याच्या डाव्या खांद्यामागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "हर्ष." काही नाही. "हर्ष, मी परत आले." तो टाइप करत राहिला. मी उजवीकडे गेले आणि तेच म्हटलं. तो दचकून वळला. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलंय.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने टोपी काढली. कानात कापसाचा बोळा, तेलाने पिवळा झालेला. सासूबाई पोळपाट तसाच ठेवून बाहेर आल्या. घट बसले त्या सकाळी हा उठला तेव्हा डावा कान बंद. पाणी गेल्यासारखं वाटलं म्हणे. मला सांगायची छाती झाली नाही, कारण मी "सांगत नव्हते का" म्हणाले असते. म्हणालेच असते, नाही कशाला म्हणू. म्हणून आईला सांगितलं. आणि आईने लसूण घालून तेल कडवलं आणि म्हटलं, ह्यो डाक्टरचा रोग न्हाई. घट उठूंदे, पाठवणी करू, आपसूक मोकळा हुईल. तोवर कुनाला बोलू नगंस. आणि हा पस्तिशी उलटलेला इंजिनियर, त्याला ते पटलं. कारण डॉक्टरचं नाव काढलं तर खरं काय ते कळणार होतं, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती होती.

मी किती आणि काय बोलले ते इथे लिहीत नाही. तन्वी शाळेत होती हे बरं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आम्ही डॉक्टरकडे, तिथून चिठ्ठी घेऊन डब्लिनच्या हॉस्पिटलात. काचेच्या खोलीत हर्ष हेडफोन लावून बसला. आयुष्यात त्याने इतक्या वेळा हेडफोन लावले, पण तेव्हा तो डोक्यावर साप ठेवल्यासारखा बसला होता. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला पटापट दाबत गेला. मग डाव्याची पाळी आली आणि त्याचा अंगठा नुसता बटणावर टेकून राहिला. बाहेर मला यंत्राचा काटा दिसत होता. आवाज जात होता, वाढत होता. अंगठा हलेना. मी काचेबाहेरून मनात म्हणत होते, दाब ना रे, दाब, उगाच तरी दाब.

डॉक्टर तरुण मुलगी होती, फार मऊ बोलणारी. कानाच्या आतली नस अचानक बसते, का ते बहुतेकदा कळत नाही, म्हणाली. हेडफोनमुळे नाही, सर्दीचा एखादा विषाणू असू शकेल. स्टेरॉइड देऊन बघू. मग म्हणाली, पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर आशा जास्त होती. हर्षने विचारलं, "दुसरा कान?" ती म्हणाली, सहसा असं होत नाही. सहसा. हर्षने तो एक शब्द धरला आणि अजून सोडलेला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, डाक्टरीनबाई काय म्हनली. माझं डोकं तापलेलं होतं. मी काही मऊ करून सांगितलं नाही. म्हटलं, "पहिल्याच दिवशी नेलं असतं तर कदाचित कान वाचला असता, असं म्हणाली." त्या स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीतल्या परडीतलं उगवलेलं धान उपटून एकेक काडी ताटात ठेवत राहिल्या.

पुढचे दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. गोळ्यांनी हर्षची झोप उडाली, तोंड सुजलं. कानाच्या पडद्यातून सुई घालून औषध सोडायचे, त्या दिवशी तो गाडीत माझा हात इतका घट्ट धरायचा की गिअर बदलता यायचा नाही. मेंदूचा फोटो काढला, गाठबीठ नाही ना बघायला. त्याचा निकाल येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. आणि मेलेल्या कानात आता आवाज सुरू झाला होता, सतत. डॉक्टर म्हणाली, असं होतं, नस गेली की मेंदू स्वतःच आवाज करतो. हर्ष मला म्हणाला, "रुचा, शिट्टी नाहीये ती. कोणीतरी बोलावतंय. एकसारखं." मी त्याला वेड्यात काढलं. पण त्यानंतर त्या छोट्या खोलीवरून जाताना मी दार ओढून घ्यायला लागले. विश्वास बसला होता म्हणून नव्हे. भीती वाटायची म्हणून. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मला पुण्यात कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणूनच सासूबाईंनी पाठवणीचा विषय काढला तेव्हा मी नाही म्हटलं नाही. एका रविवारी दुपारी गालिचा गुंडाळून हॉलमध्ये बासमतीचा चौक मांडला. तेच गोंधळीबुवा, आता फार थकलेले, बार्शीहून व्हिडिओ कॉलवर. त्यांच्या सुनेने तिकडे फोन धरला, मी इकडे. बुवा सुरू झाले, छान रंग भरला, आणि ऐन आरतीत नेट अडकलं. बुवा तोंड उघडं टाकून स्क्रीनवर गोठले. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला, हर्षने माझ्याकडे बघितलं आणि देवाशपथ सांगते, मीसुद्धा मनातून हादरले. मग ते चक्र फिरलं, बुवा हलले, आरती पुरी झाली. बुवांनी एकेका देवाला नाव घेऊन आपल्या ठिकाणी जायला सांगितलं. आम्ही चौक उचलला. तन्वी म्हणाली, "दॅट वॉज ग्रँड, आजी." त्या शब्दांवर बाई पहिल्यांदा थोडं हसल्या.

कान आला नाही. पाठवणीनेही नाही, सुयांनीही नाही. फोटोत गाठ नव्हती, तेवढं एक बरं झालं. शेवटच्या तपासणीला डॉक्टरने सांगितलं, जे यायचं होतं ते आत्तापर्यंत आलं असतं.

अल्बमचं मला वाटलं, सोडून देईल. पण एक दिवस तो वर गेला, सगळी गाणी उघडली आणि डावं-उजवं हा प्रकारच काढून टाकला. दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच आवाज. मोनो म्हणतात त्याला, जुन्या रेकॉर्डी तशाच असायच्या. म्हणाला, "आता मला ऐकू येतं तेच सगळ्यांना ऐकू येईल." शेवटी बुवांची आरती लावली, मधल्या त्या अडकलेल्या जागेसकट. पण तो पूर्वीचा वाघ आता त्या खोलीत नाही. आवाज अगदी बारीक ठेवतो. दर थोड्या वेळाने उजव्या कानापाशी बोटं चोळून बघतो, ऐकू येतंय ना. झोपताना उजवा कान उशीत जाईल म्हणून कूस बदलत नाही. तन्वी रडली तर कळणार नाही म्हणतो. मी दिवसभर त्याच्या त्या बोटांकडे बघत असते. एखाद्या दिवशी बोटं चोळून तो थांबला, परत चोळली, तर? त्या विचाराने माझ्या हातातलं काम गळतं.

मुक्काम संपला, सासूबाईंना सोडायला आम्ही डब्लिनच्या विमानतळावर गेलो. त्या इतके दिवस आमच्यात राहिल्या, पण दसऱ्यानंतर एकदाही त्याच्या डावीकडे बसल्या नव्हत्या. जेवताना, सोफ्यावर, चालताना, कायम उजवीकडे. मला राग होताच, पण हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. बॅगा गेल्या, तन्वीचे मुके घेऊन झाले. हर्ष पाया पडला, त्यांनी त्याला उठवलं आणि मिठी मारली. त्या बुटक्या, तो वाकलेला. त्यांनी त्याची मान धरली, दुसरीकडे वळवली आणि तोंड त्याच्या डाव्या कानाशी नेलं. मी अगदी जवळ उभी होते.

"देवीनं न्हाई रं नेला तुजा कान," त्या म्हणाल्या. "म्या नेला. तू पयल्याच दिशी म्हनला हुतास, आई, डाक्टरला दाखवतो. म्याच अडवलं. भ्याले रं लेकरा. म्या लई भ्याले."

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि आत गेल्या. मागे वळल्या नाहीत. माझ्यात साठलेला सगळा राग तिथेच जागच्या जागी विरघळला, आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना.

हर्ष तिकडे बघत उभा होता, हात तसाच वर. "ती काहीतरी बोलली ना?" तो म्हणाला. "मला गरम वाफ लागली कानाला. काय म्हणाली?"

मी त्याच्या उजव्या बाजूला गेले.

"म्हणाली, वेळेवर जेवत जा."